अरञ्ञवास, आरोग्य आणि धम्म : प्राचीन तगरच्या परिसरातून एक विचार

वनात काही काळ राहिल्याने मनुष्याचे शरीर व मन स्वस्थ होते, हा विचार आजच्या वैद्यकात नव्याने मांडला जात आहे. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो नवा वाटत नाही. तिपिटकाची पाने उलटताना अरण्य, वृक्षमूल, आम्रवन, वेळुवन, शालवन हे शब्द पदोपदी भेटतात. तथागतांचा जन्म लुंबिनी वनात झाला, बोधी वृक्षाखाली प्राप्त झाली, पहिले प्रवचन मृगदायवनात झाले आणि महापरिनिर्वाण कुसिनारेच्या शालवनात घडले. तथापि या वनसान्निध्याचा अर्थ कोणता लावावा, याविषयी आपल्या समाजात काहीसा संदेह आहे आणि तो रास्तही आहे. ज्या समाजाला शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले, त्याला पुन्हा रानात जाण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. बाबासाहेबांनी आपल्याला शहराकडे, शाळेकडे, संघटनेकडे नेले. अरण्याकडे नेले नाही, असेही म्हटले जाते. म्हणून अरञ्ञवास म्हणजे समाजापासून पलायन होते की आणखी काही, हे मूळ ग्रंथांच्या आधारे तपासणे आम्हांस आवश्यक वाटते. हे तपासताना आमच्यासमोर धाराशिव जिल्ह्याची भूमी आहे. तेथे एकेकाळी बौद्ध संघ नांदला होता आणि आज तेथे वन जवळजवळ उरलेले नाही.

तगर आणि त्याचा परिसर

तेरणा नदीच्या काठचे तेर हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 साली साधार मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचा आणि तेथील कापड गाड्यांतून दुर्गम वाटांनी भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. टॉलेमीलाही हे नगर ठाऊक होते. हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेरची पाहणी केली. तेथील त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत त्यांनी दिले. पुढे झालेल्या उत्खननांत सातवाहनकालीन विटांचा स्तूपही उजेडात आला. बालाघाटच्या पठारावर, व्यापारी मार्गाच्या कडेला, उपासकांच्या दानावर चालणारा संघ येथे होता, याविषयी त्यामुळे शंका राहत नाही.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेण्यांविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. जेम्स बर्जेस यांनी ती जैन मानली. मोठ्या लेण्याची विहाररचना पाहून ते मूळचे बौद्ध व नंतर जैनांकडे गेलेले असावे, असे काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात. हा वाद येथे सोडवण्याचे प्रयोजन नाही. दोहोंपैकी कोणताही पक्ष स्वीकारला तरी एक गोष्ट निश्चित राहते. श्रमणांनी वसतीसाठी नगराचा मध्यभाग निवडला नाही आणि निर्मनुष्य घनदाट रानही निवडले नाही. त्यांनी डोंगराची कूस निवडली. तेथून भिक्षेसाठी गावात उतरता येत असे आणि संध्याकाळी शांततेत परतता येत असे. महाराष्ट्रातील कान्हेरी, जुन्नर, पितळखोरे, अजिंठा येथील लेण्यांची जागाही याच विवेकाने निवडलेली दिसते.

या विवेकाचे सूत्र ग्रंथांत स्पष्ट आहे. निवासस्थान गावापासून फार दूर नसावे व फार जवळही नसावे, जाण्यायेण्यास वाट असावी, दिवसा वर्दळ व रात्री गोंगाट नसावा, डास, वारा, ऊन व सरपटणारे प्राणी यांचा त्रास कमी असावा, अन्न, वस्त्र व औषध विनासायास मिळावे, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. ज्याने घर सोडले त्यालाही औषध जवळ हवे, ही या सूत्रातील दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे. देह झिजविण्यासाठी निवडलेले हे रान नव्हते. देहाची नीट निगा राखून मनाला अवकाश देणारी ती जागा होती.

भय आणि त्यावरील उपाय

अरण्याचे गोडवे गाणाऱ्या पुष्कळ लेखनात अरण्याची भीती लपवलेली असते. पालि सुत्तांत ती लपवलेली नाही. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात जानुस्सोणि नावाचा ब्राह्मण तथागतांना म्हणतो की, दूरच्या वनात एकट्याने राहणे कठीण आहे. ज्याचे चित्त एकाग्र नाही त्याचे मन ती अरण्ये हिरावून घेतात. तथागत हे नाकारत नाहीत. बोधीपूर्वी आपल्यालाही असेच वाटले होते, असे ते सांगतात. मग अष्टमी, चतुर्दशी व पंधरवड्याच्या अखेरच्या रात्री लोक ज्या वनांना व वृक्षांना भीत असत, तेथे ते मुद्दाम जाऊन राहिले. एखादे हरीण आले, मोराने काटकी मोडली, वाऱ्याने पाचोळा सळसळला, की भय उठे. चालताना भय आले तर ते थांबले नाहीत, बसले नाहीत. चालता चालताच त्यांनी ते शमविले. बसलेले असताना आले तर बसूनच शमविले.

येथे कोणताही मंत्र नाही, देवतेचा धावा नाही. भयाचे कारण पाहायचे, त्यापासून पळायचे नाही आणि ते आपोआप ओसरेपर्यंत त्याच स्थितीत राहायचे, एवढाच उपाय आहे. मानसिक आरोग्याच्या दृष्टीने हे सुत्त आम्हांस फार मोलाचे वाटते. मोर, हरीण आणि पाचोळा यांना भूत समजणारे मन रानातच बरे झाले. कारण जे आहे ते जसे आहे तसे पाहण्याची सवय त्याला तेथे लागली. याच सुत्ताच्या अखेरीस तथागत आपण अजूनही वनात का जातो, याची दोन कारणे देतात. स्वतःचे वर्तमानातील सुखविहरण हे एक आणि पुढच्या पिढ्यांविषयीची अनुकंपा हे दुसरे.

वन हे साधन, साध्य नव्हे

संघात अरण्यवासाची सक्ती करावी, अशी मागणी एकदा झाली होती आणि ती करणारा देवदत्त होता. भिक्खूंनी आजन्म अरण्यातच राहावे, वृक्षाखालीच राहावे, यांसह पाच नियम त्याने मागितले. तथागतांनी ते फेटाळले. ज्याला वनात राहायचे त्याने वनात राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे त्याने गावाजवळ राहावे, असा त्यांचा निर्णय विनयपिटकात नोंदलेला आहे. उपालीने वनात जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा हत्ती ज्या सरोवरात सुखाने डुंबतो तेथे ससा उतरला तर बुडेल, असा दृष्टान्त देऊन तथागतांनी त्याला संघातच राहण्यास सांगितले. मनाची तयारी नसताना घेतलेला एकांत अपाय करतो, हे त्यांनी ओळखले होते.

वनपत्थ सुत्तात तर याची कसोटीच सांगितली आहे. एखाद्या वनात राहून स्मृती स्थिर होत नसेल, चित्त एकाग्र होत नसेल, तर अन्नवस्त्र सुलभ असले तरी ते वन सोडावे. चित्ताची प्रगती होत असेल, तर अन्नवस्त्र मिळणे कठीण असले तरी राहावे. हीच कसोटी गावाला, नगराला आणि ज्याच्या आश्रयाने राहायचे त्या व्यक्तीलाही लावावी, असे सुत्त पुढे सांगते. म्हणजे वनाला स्वतःचे असे कोणतेही पावित्र्य दिलेले नाही. परिणाम पाहा आणि मग ठरवा, हा कालामांना दिलेला बुद्धिवादी उपदेशच येथे जागेच्या निवडीला लावलेला आहे.

आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ या बाबतीत एक पाऊल पुढे जातो. अरण्यवासाचे धुतांग पाळणाऱ्याने अरुणोदयाच्या वेळी वनातच असले पाहिजे, असा नियम तेथे आहे. गावापासून पाचशे धनुष्ये अंतरावरील जागा म्हणजे वन, अशी त्याची मोजणीही दिली आहे. परंतु उपाध्याय किंवा आचार्य आजारी असतील व वनात त्यांना सोयीचे मिळत नसेल, तर त्यांना गावातील निवासात न्यावे, असे बुद्धघोष लिहितात. पहाटेच्या सुमारास त्यांचा आजार वाढला तर त्यांची सेवा करावी आणि व्रताच्या शुद्धीचा विचार करू नये. आजाऱ्याची सेवा अरण्यवासापेक्षा श्रेष्ठ ठरविणारी ही ओळ ज्यांनी वाचली, त्यांना अरण्यवासी भिक्खूंवर पलायनाचा सरसकट आरोप करता येणार नाही.

सुनीत आणि शंबूक

वन कोणासाठी खुले होते, हा प्रश्न आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. रामायणाच्या उत्तरकांडातील शंबूकाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तो वनात तप करीत होता आणि शूद्र असून तप करतो, एवढ्याच अपराधासाठी त्याचा वध झाला. बाबासाहेबांनी ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या 1936 च्या निबंधात या कथेचा अर्थ उलगडला आहे. वर्णव्यवस्था दंडाशिवाय टिकू शकत नाही, हे तिच्यावरून दिसते, असे त्यांनी दाखविले. या व्यवस्थेत तपोवनाच्या वेशीवरही वर्णाचा पहारा होता.

आता ‘थेरगाथे’तील सुनीत थेरांकडे पाहा. ते हीन मानल्या गेलेल्या दरिद्री कुळात जन्मले. कोमेजलेली फुले झाडून टाकणे हे त्यांचे काम होते. लोक त्यांचा तिरस्कार करीत आणि ते मान खाली घालून सर्वांना वाकत. मगधाच्या नगरात संघासह येणारे तथागत दिसताच त्यांनी खांद्यावरची कावड खाली टाकली व वंदन करून प्रव्रज्या मागितली. ती तत्काळ मिळाली. पुढे ते एकटेच वनात राहिले, आळस न करता उपदेशाप्रमाणे वागले आणि एका रात्रीच्या तीन प्रहरांत मुक्त झाले. गाथा सांगते की, मग इंद्र आणि ब्रह्मा त्यांना हात जोडण्यासाठी आले.

दोन्ही कथांत वन आहे, एकांत आहे, जन्माने हीन ठरवलेला साधक आहे. एकात राजा तलवार घेऊन येतो, दुसऱ्यात देव हात जोडून येतात. सुनीतांना वनात जे मिळाले त्यात केवळ थंड वारा आणि निवांतपणा नव्हता. ज्याच्यासमोर मान झुकवावी असा कोणीही तेथे नव्हता. अपमान हा मनाचा सर्वांत चिवट आजार आहे आणि सुनीतांच्या बाबतीत तो संघाच्या समतेने व वनाच्या निवांततेने मिळून बरा केला, असे आम्हांस वाटते. वन एकटे हे करू शकले नसते. शंबूकालाही वन होते.

एक उणीव मात्र स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. वन स्त्रियांना तितकेसे खुले राहिले नाही. वनात भिक्खुनींवर अत्याचार झाल्यानंतर त्यांनी अरण्यात राहू नये, असा नियम झाला. ‘थेरीगाथे’त जीवकाच्या आम्रवनात सुभा थेरीची वाट अडवणारा पुरुषही भेटतो. दोष वनाचा नव्हता, पुरुषांचा होता. बंधन मात्र स्त्रियांवर आले. आजही आपल्या मुलींना टेकडीवर एकटीने फिरता येत नसेल, तर वनाच्या लाभाची चर्चा अर्ध्या समाजापुरतीच राहते.

औषधी आणि चंक्रमण

शरीराच्या आरोग्याविषयी विनयपिटकात पुष्कळ सामग्री आहे. महावग्गातील भेसज्जक्खंधकात भिक्खूंना अनुज्ञात केलेल्या औषधींची यादी वाचताना ग्रामीण वाचकाला परकेपणा वाटत नाही. मुळांत हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा. काढ्यांत व पानांत कडुनिंब, कुडा, पडवळ. फळांत वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. यांतील कित्येक वस्तू आपल्या आजीच्या बटव्यातल्या आहेत. जीवक वैद्याची कथाही येथेच येते. तक्षशिलेभोवती एक योजनाच्या परिसरात जी औषधी नाही अशी एखादी वनस्पती आण, असे आचार्यांनी त्याला सांगितले. तो सर्वत्र हिंडून रिकाम्या हाताने परतला आणि अशी वनस्पती सापडली नाही म्हणाला. त्याचे शिक्षण पुरे झाले, असे आचार्यांनी मानले.

पुढे याच जीवकाने वैशालीत पक्वान्नांनी आजारी पडलेले भिक्खू पाहून चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालण्याची वाट, आणि जंताघर, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, यांची अनुज्ञा मागितली. तथागतांनी ती दिली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, परिश्रमाची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. आज मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना डॉक्टर जे सांगतात, त्याच्याशी यातील पहिले चार लाभ किती जुळतात हे सांगावयास नको.

अशोकाने हाच विचार राज्यकारभारात आणला. दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था, औषधी वनस्पतींची लागवड, मार्गांवर विहिरी व झाडे यांचा उल्लेख आहे. पाचव्या स्तंभलेखात निष्कारण किंवा प्राणिहत्येसाठी वने जाळू नयेत, अशी आज्ञा आहे. संयुत्त निकायात उपवने व झाडे लावणाऱ्यांचे, पूल, पाणपोया व विहिरी बांधणाऱ्यांचे पुण्य अहोरात्र वाढते, असे सांगितले आहे. झाड तोडणे हा भिक्खूंसाठी विनयानुसार पाचित्तिय दोष आहे.

आधुनिक संशोधन काय सांगते

रॉजर अल्रिच यांनी 1984 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. जपानच्या वन विभागाने 1982 साली ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, ही संज्ञा रूढ केली. पुढे तेथील संशोधकांना वनात फिरल्यानंतर रक्तदाब, नाडीचे ठोके व ताणाशी संबंधित संप्रेरके कमी झाल्याचे आढळले. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या 2019 च्या अभ्यासात, आठवड्याला एकूण 120 मिनिटे किंवा अधिक काळ निसर्गात घालवणाऱ्यांत आरोग्य व समाधान चांगले असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक दिसले. यांतील अनेक प्रयोग लहान आहेत आणि निरोगी माणसेच अधिक फिरावयास जातात, हीही शक्यता उरते. म्हणून वन हे औषधाला पर्याय आहे, असा दावा कोणी करू नये. परंतु ते औषधाला साहाय्यक आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

आजचा धाराशिव

2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पर्जन्यछायेतील हा जिल्हा. 1972 चा दुष्काळ येथील वृद्धांना आठवतो, 2015-16 चा तरुणांना. सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. येडशीजवळ 1997 साली घोषित झालेले रामलिंग घाट अभयारण्य सुमारे 22 चौरस किलोमीटरचे आहे. पानगळीचे हे रान पावसाळ्यात हिरवे होते आणि मोरांचे आवाज तेथे ऐकू येतात. फेब्रुवारी 1941 मध्ये ज्या कसबे तडवळ्यात बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ते गाव येथून फार दूर नाही. तडवळ्याच्या भूमीस वंदन करण्यासाठी जाणाऱ्या आपल्या बांधवांनी त्याच प्रवासात दोन तास या रानातही घालवावेत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

मात्र वन वाढवा म्हणताना ते कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न टाळता येत नाही. मराठवाड्यात गायरानाच्या तुकड्यावर पोट भरणारी कित्येक कुटुंबे आपलीच आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 मध्ये व पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. वृक्षारोपणाच्या नावाखाली त्यांना हुसकावणे हे धम्माला धरून होणार नाही. बाबासाहेबांच्या मते सिद्धार्थाचा गृहत्यागही रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या कलहातून घडला. पाणी, जमीन आणि झाड यांचे न्याय्य वाटप हा म्हणून आपल्यासाठी मुळातलाच प्रश्न आहे. गायरान कसणाऱ्यालाच बांधावरची झाडे लावण्यास रोपे व पाणी मिळाले, तर भाकरी आणि सावली यांत भांडण उरणार नाही.

आरंभ मात्र आपल्या विहारांपासून व्हावा. वेळुवन, जेतवन, जीवकाम्रवन ही संघाला मिळालेली पहिली दाने उपवनांची होती. मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय ज्या परिसरात उभे राहिले त्याचे नाव नागसेनवन आहे. ज्ञानाच्या जागेलाही वन म्हणावे, ही परंपरा आपल्याकडे जिवंत आहे. गावोगावची आपली विहारे मात्र बहुतेक सिमेंटच्या चौकोनात उभी आहेत आणि उन्हाळ्यात दुपारी तेथे बसवत नाही. प्रत्येक विहाराच्या आवारात एक पिंपळ, एक कडुनिंब, एक आवळा आणि त्यांच्या सावलीत वीस-पंचवीस पावलांची चंक्रमणाची वाट एवढे करण्यास मोठे अनुदान लागत नाही. वर्षावासाचे तीन महिने हा त्याचा नैसर्गिक काळ आहे. आषाढ पौर्णिमेला रोप लावावे, प्रवारणेपर्यंत त्याची निगा राखावी आणि उन्हाळ्यातील पाण्याची पाळी कुटुंबांनी वाटून घ्यावी. त्या वाटेवर संध्याकाळी आपल्या आयाबहिणी निर्भयपणे चालू लागल्या आणि दिवसभर मजुरी करून आलेला माणूस झाडाखाली घटकाभर शांत बसू लागला, म्हणजे भयभेरव सुत्तात सांगितलेली पुढच्या पिढ्यांविषयीची अनुकंपा तगरच्या या भूमीत पुन्हा रुजली, असे म्हणता येईल.